गुलामगिरीचा जागतिक इतिहास आणि पुणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात इतिहासाच्या सहली घेताना, महाविद्यालयांत बोलताना आणि नंतर फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना नाही. सुटका झालेल्या माणसाच्या हाती शेवटी काय पडलं, हा प्रश्न मात्र सगळीकडे विचारला आहे. शाळेच्या पुस्तकात तो क्वचितच येतो.

गुलामगिरी म्हणजे आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेले काळे लोक, एवढंच ना?

नाही. तो सर्वांत मोठा आणि सर्वांत चांगली नोंद असलेला अध्याय आहे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत साधारण सव्वा कोटी आफ्रिकी माणसं अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर चढवली गेली. पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख. आज ज्या देशाला आपण अमेरिका म्हणतो, तिथे थेट नेलेले त्यांपैकी जेमतेम चार लाख. एकट्या ब्राझीलमध्ये पन्नास लाखांच्या आसपास उतरवले गेले, आणि उरलेले बहुतेक कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत. चित्रपटांतून आपल्या डोक्यात कापसाची शेतं बसली आहेत, पण या व्यापाराला सर्वांत जास्त माणसं लागली ती साखरेसाठी.

त्याआधीही जग गुलामांवर चालतच होतं. इसवी सनापूर्वी ७३ साली स्पार्टाकसचं बंड रोममध्ये झालं. दक्षिण इराकमध्ये ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षं झंज, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी खलिफाच्या फौजांना झुंजवलं. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार आहेत, नारदस्मृतीत पंधरा. हिंदुस्थानातून माणसं पकडून मध्य आशियाच्या बाजारांत विकली जात. डच कंपनीने बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून गुलाम विकत घेऊन बटाव्हिया (आजचं जकार्ता) आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपला नेले. केप टाउनमधल्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज आपल्याच किनाऱ्यांवरचे आहेत.

सगळेच करत होते, तर मग अटलांटिकच्या व्यापारात वेगळं काय होतं?

तीन गोष्टी. पहिली म्हणजे गुलामी रंगावरून ठरू लागली. पूर्वी युद्धात हरलेला, कर्जात बुडालेला किंवा दुष्काळात विकला गेलेला कोणीही गुलाम होई. आता कातडी पाहून माणसाची जागा ठरली. दुसरी म्हणजे ती कायद्याने वंशपरंपरागत झाली. व्हर्जिनियात १६६२ साली नियम झाला की मूल आईच्या स्थितीत जन्मेल, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम, बाप मळ्याचा मालक असला तरी. या एका नियमाने मालकाच्या अत्याचारातून मालकाचीच मालमत्ता वाढू लागली.

तिसरी गोष्ट हिशेबाची. माणसं तारण ठेवली जात, त्यांच्यावर कर्ज उचललं जाई, विमा उतरवला जाई. १७८१ साली झाँग नावाच्या लिव्हरपूलच्या जहाजावरून १३० हून अधिक जिवंत आफ्रिकी माणसं समुद्रात फेकली गेली. पाणी कमी पडलं, असं कारण दिलं गेलं. मालकांनी माणशी तीस पौंडांप्रमाणे विमा मागितला, आणि १७८३ साली लंडनच्या कोर्टात खटला चालला तो विम्याच्या रकमेवर. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. मी हे सांगते तेव्हा मुलं विचारतात, 'न्यायाधीशाला काहीच वाटलं नाही का?' फेरसुनावणीचा हुकूम त्याने दिला, पण वाद मालाच्या नुकसानीचा आहे ही चौकट त्याने मोडली नाही.

'सगळेच करत होते' हे खरं आहे, पण त्यातून कोणाचीही सुटका होत नाही. आफ्रिकी राजांनी माणसं पकडून विकली, अरब व्यापाऱ्यांनी विकली. झांझिबारच्या बाजाराला कच्छी पेढ्यांचं भांडवल होतं आणि तिथल्या जकातीचा मक्ता अनेक वर्षं जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या नावावर मांडायला हवा.

पुण्यात गुलाम होते का?

होते, आणि त्यांत बायका जास्त होत्या. सर्वांत जास्त नाराजी याच उत्तरावर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशवाईच्या कागदांत त्यांचा उल्लेख कुणबिणी, बटकी, दासी असा येतो. खरेदीची खतं होत, सरकारला त्या व्यवहारावर हक्काची रक्कम मिळे, विकत घेताना बाईची जात विचारली जाई. दुष्काळात पोटची पोरं विकली जात. दुसरी वाट सरकारी शिक्षेची. एखाद्या बाईवर बदकर्माचा आरोप शाबीत झाला की तिला सरकारजमा करून कुणबीण करत. पुरुषाला त्याच गुन्ह्यात बहुधा दंड होई. अशा बायका मग किल्ल्यांवर, कोठीत, पागेत, बागांत राबत. धान्य निवडणं, दळण, शेणगोठा, सारवण, चुना मळणं ही त्यांची कामं. काही जणींना सरदारांच्या घरी इनाम म्हणून दिलं जाई. सुटका मिळे ती म्हातारपणी, किंवा कोणी नातेवाइकाने तिच्या बदली दुसरी कुणबीण किंवा रक्कम भरली तर.

शनिवारवाड्यात फिरताना कारंजी दाखवली जातात, दिल्ली दरवाजा दाखवला जातो. त्या वाड्याचं दळण कोण दळत होतं, हे सांगणारी एकही पाटी तिथे नाही. ती असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

'आपल्याकडे त्यांना घरच्यासारखं वागवत' असं पुष्कळदा ऐकवलं जातं. काही घरांत वागवतही असतील. पण घरच्या माणसाचं खरेदीखत होत नाही.

शिवाजी महाराजांनी गुलामांचा व्यापार बंद केला होता, हे खरं आहे का?

१६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत महाराजांनी डच कंपनीला कौल, म्हणजे व्यापाराची लेखी परवानगी दिली. पूर्वीच्या राजवटीत तुम्हाला इथून गुलाम, बटकी विकत घेऊन नेता येत होत्या, आमच्या अमलात तसं करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट बजावलं आहे. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. माणसं समुद्रापार नेण्याला तिने आळा घातला. मात्र पुढच्या शतकात पेशव्यांच्या राज्यात गुलामी होती, हेही कागदोपत्रीच आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

मलिक अंबर गुलाम असून राज्य कसं चालवत होता?

अंबर साधारण १५४८ साली इथिओपियात जन्मला. लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत बगदादला पोचला आणि तिथून दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीतल्या चंगेजखान या वजिराने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर सुटला, त्याने घोडेस्वार जमवले आणि १६२६ साली मरेपर्यंत मुघलांना दक्षिणेत पाय रोवू दिले नाहीत. १६१० साली त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथलं नहरीचं पाणी आणि जमिनीच्या साऱ्याची पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते. मालोजीराजांकडे पुणे-सुप्याची जहागीर होती ती याच निजामशाहीची, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले.

दख्खनेत हत्यार चालवणाऱ्या गुलामाला वर चढायला शिडी होती. जात्यावर बसलेल्या बटकीला ती नव्हती. म्हणून अंबरचं चरित्र सांगून 'आपल्याकडची गुलामी सौम्य होती' असा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही.

गुलामगिरी इंग्रजांनी संपवली ना?

अर्धं खरं. आधी बंड झालं ते गुलामांचं. १७९१ साली फ्रेंच वसाहत सॅन दोमँगमध्ये ऊसमळे पेटले, तुसाँ लुव्हरत्यूरसारखे सेनानी त्यातून उभे राहिले आणि १८०४ साली हैती हा स्वतंत्र देश जन्माला आला. नेपोलियनने १८०२ मध्ये गुलामी परत लादायला पाठवलेली फौज तिथे गारद झाली. इंग्लंडमधल्या चळवळीचं मोल मी कमी करत नाही. लाखो लोकांनी अर्जांवर सह्या केल्या, घराघरांतून गुलामांच्या मळ्यांवरची साखर बंद झाली. पण मळ्यांतली बंडं नसती तर पार्लमेंट इतकं हललं नसतं.

ब्रिटनने १८०७ साली व्यापार बंद केला आणि १८३३ साली गुलामी रद्द करण्याचा कायदा केला. नुकसानभरपाई दिली दोन कोटी पौंडांची, आणि ती मिळाली मालकांना. गुलामांना एक पैसाही नाही. उलट १८३८ पर्यंत त्यांना 'शिकाऊ' म्हणून त्याच मळ्यांवर बिनपगारी राबावं लागलं. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला, म्हणजे स्वतंत्र झालेल्यांच्या पणतू-खापरपणतूंनीही आपल्या करांतून ती रक्कम भरली.

पुणेकरांसाठी इथे एक नाव महत्त्वाचं आहे. १८८० ते १८८५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जेम्स फर्ग्युसन हे स्कॉटलंडच्या ज्या घराण्यातले, त्या घराण्याचा जमैकातल्या रोझेल या ऊसमळ्यात वाटा होता आणि टोबॅगोतही मळा होता. भरपाई मिळालेल्यांत हे घराणंही होतं. सर जेम्स १९०७ साली जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या भूकंपात मरण पावले. आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचं नाव त्यांच्यावरून आलं. नाव बदला, असं माझं म्हणणं नाही. टेकडीखालच्या त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या मुलांना ही साखळी ठाऊक असावी, एवढंच म्हणते.

आणि भारत? १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. इथे १८४३ साली पाचवा कायदा आला. गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही, इतकंच त्यात होतं. गुलाम ठेवणं गुन्हा झाला नाही. कुठल्या बटकीला कोणी जाऊन सांगितलं नाही की बाई, तू मोकळी झालीस. माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६० च्या दंडसंहितेने.

मग मळ्यांवर काम कोण करू लागलं?

आपली माणसं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी अ‍ॅटलास जहाजातून गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची पहिली तुकडी मॉरिशसला उतरली. पुढे गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, सुरिनाम, फिजी. पाच वर्षांचा करार, काम सोडलं तर तुरुंग. करार वाचता येत नसे आणि बेट कुठे आहे हेही माहीत नसे. बहुतेक लोक बिहार, संयुक्त प्रांत (आजचा उत्तर प्रदेश) आणि मद्रासचे, पण रत्नागिरीकडूनही माणसं मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते.

ही पद्धत बंद करण्याच्या लढ्यात पुण्याचं नाव ठळक आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० साली नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडला आणि सरकारला तो मानावा लागला. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी सगळी गिरमिट पद्धतच रद्द करा असा ठराव आणला. ती फसवणुकीवर उभी आहे आणि जबरदस्तीने टिकवलेली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो ठराव फेटाळला गेला. गोखले १९१५ साली वारले. पाठवणी थांबली १९१७ मध्ये, आणि उरलेले करार १ जानेवारी १९२० ला फिजीत रद्द झाले. गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या आवारावरून जाताना त्यांचं राजकारण मवाळ होतं एवढंच आपल्याला आठवतं. या कामाबद्दल फार कमी बोललं जातं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा पुणे जिल्ह्याशी काय संबंध?

फार जवळचा. युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, म्हणजे गुलामांच्या हातून येई. १८६१ मध्ये युद्ध पेटून दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. भाव कित्येक पट चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, दख्खनेतल्या सावकारांनी हात सैल सोडला. गणेशखिंडीत गव्हर्नरचा आलिशान बंगला बांधायला घेतला तो याच तेजीत, १८६४ साली, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

१८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सरकारने सारा मात्र वाढवला होता आणि सावकाराचं व्याज थांबत नव्हतं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाची खतं जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी बसली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. मिसिसिपीच्या काठी गुलामी मोडली त्याचा धक्का दहा वर्षांनी भीमाथडीत बसला तो असा.

याच फ्रियरना १८७३ साली झांझिबारला धाडलं होतं, आणि त्या वर्षी सुलतान बर्घशला तिथला गुलामबाजार बंद करावा लागला. इंग्रज गलबतांनी अरबी समुद्रात सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत आणि त्यांतली पुष्कळ नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला तरुण होता. १८७५ पासून या नाशिककरांपैकी अनेक जण मोंबासाजवळच्या फ्रियर टाउनमध्ये जाऊन स्थायिक झाले.

जोतीराव फुल्यांनी आपला ग्रंथ अमेरिकेतल्या लोकांना का अर्पण केला?

१८७३ साली पुण्यात 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीरावांनी हा ग्रंथ अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा.

गंजपेठेत राहणाऱ्या माणसाने हजारो मैलांवरच्या घटनेत आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं दुःख ओळखलं, ही गोष्ट मला या शहराच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते. त्या वेळी अमेरिकेत गुलामी रद्द होऊन आठच वर्षं झाली होती. दक्षिणेत काळ्यांच्या शाळा निघत होत्या, काळे उमेदवार निवडून येत होते, म्हणून जोतीरावांची आशा भाबडी नव्हती. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतून केंद्राचं सैन्य माघारी गेलं आणि काळ्यांचे हक्क एकेक करून हिरावले गेले. जोतीरावांचा भर शाळेवर होता. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाला बेडी निघाल्यावर पुढे काय लागतं, हे नीट ठाऊक होतं.

मग जात आणि गुलामगिरी एकच का?

एकच नाहीत, आणि दोन्ही एकत्र नांदूही शकतात. केरळातल्या त्रावणकोर संस्थानात १८५५ पर्यंत पुलया या अस्पृश्य जातीची माणसं जमिनीसकट विकली जात. बाबासाहेबांनी फरक नेमका दाखवला आहे. गुलामावर मालकाने पैसा घातलेला असतो, म्हणून त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्य जगला काय, मेला काय, जबाबदारी कोणाचीच नसते. शिवाय गुलाम सुटू शकतो, जात मात्र जन्मभर चिकटते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांचं आपुलकीचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, ती याच ओढीने.

हे सगळं होऊन दीडशे वर्षं लोटली. आता काय उरलंय?

हैतीला विचारा. स्वातंत्र्य जिंकलेल्या या देशाकडून फ्रान्सने १८२५ साली लढाऊ जहाजं उभी करून पंधरा कोटी फ्रँक मागितले, गेलेल्या मळ्यांची आणि माणसांची भरपाई म्हणून. १८३८ साली एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली. ती फेडायला काढलेली कर्जं १९४७ पर्यंत चालली. हैती गरीब का, याचं उत्तर फक्त तिथल्या पुढाऱ्यांत शोधणाऱ्यांनी हा हिशेब आधी वाचावा.

अमेरिकेत १८६५ च्या जानेवारीत किनाऱ्यालगतची जमीन चाळीस एकरांच्या तुकड्यांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायचा हुकूम निघाला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे गेली. उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांत ब्राझीलने १८८८ ला सर्वांत शेवटी माणसं सोडली, तीही रिकाम्या हातांनी. मॉरिटानियात गुलामी रद्द झाली १९८१ साली आणि गुन्हा ठरली २००७ साली. कॅरिबियन देशांनी २०१३ पासून एकत्र येऊन युरोपकडे भरपाईची मागणी लावून धरली आहे, आणि मला ती योग्य वाटते.

पुण्यातही वारसा आहेच. शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलांना भाड्याने खोली मिळवताना काय ऐकावं लागतं, ते त्यांनाच विचारा. लग्नाच्या जाहिरातींतला रंग वाचा.

आपल्या भागात आज अशी गुलामी असेल, तर ती ओळखायची कशी आणि करायचं काय?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे पाच कोटी लोक आधुनिक गुलामीत आहेत. त्यांपैकी २ कोटी ८० लाखांच्या आसपास सक्तीच्या मजुरीत, बाकीचे सक्तीच्या विवाहात.

आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवात उचलीने होते. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं. नवराबायको मिळून एक कोयता. पोरंबाळं फडाशेजारच्या कोपीत. आजारपणात दिवस बुडाला की खाडा कापला जातो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि ती पुढच्या वर्षावर चढते. वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर कातकरी कुटुंबांचं असंच होतं. प्रत्येक ऊसतोड कामगार वेठबिगार आहे असं मी म्हणणार नाही. पण उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, दुसरीकडे कामाला जाता येत नसेल किंवा किमान वेतनही मिळत नसेल, तर प्रकरण कायद्यात बसू शकतं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितलं आहे.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्द होतं. 'हे वेठबिगारीचं कर्ज नव्हे' हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर असते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करा, कोणीही करू शकतं. मुलं अडकली असतील तर १०९८ वर फोन करा. लेखी द्या आणि पोच घ्या. गाव, भट्टी किंवा फड कुठे आहे, किती माणसं, उचल किती आणि कधीची, हे लिहा. सुटका झाली की मुक्ती प्रमाणपत्र मागायला विसरू नका. केंद्राच्या पुनर्वसन योजनेतले एक लाखापासून तीन लाखांपर्यंतचे पैसे मिळवायचे तर हा कागद फार महत्त्वाचा, आणि पुष्कळदा नेमका तोच दिला जात नाही. तो हातात पडेपर्यंत त्या कुटुंबाबरोबर तहसील कचेरीत जात राहा.